चाळीस मिनिटांची गल्ली

तैपेईतल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात रांगेत यूचिंगच्या पुढे साठीतल्या एक बाई होत्या. मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथं सगळेच ठेवतात, तशी त्यांच्याही लॅपटॉपवर कुरकुऱ्यांची हिरवी पुडी होती.

"मास्तर, यातली मोठी ग्राफिक्स चिप नुसत्या झोपा काढते. सगळं काम धाकटीच्या गळ्यात."

"बॅटरी वाचवायला तो आपणहून धाकटीवर जातो, मावशी. आता मोठी लावून दिलीय. पण चार्जर लावूनच चालवा."

"आईच्या खाटेजवळ प्लग एकच, त्यावर तिचं ऑक्सिजनचं मशीन."

"मग चाळीस मिनिटांत बॅटरी संपेल. धाकटीच राहू दे ना."

"धाकटीवर चित्र अडकतं. आमची पाडलेली गल्ली मी वर्षभर खपून यात उभी केलीय. आई रोज पडद्यावर आमच्या घराच्या दारापर्यंत जाते आणि तिथंच अडते. आज तिला घरात न्यायचंच."

"चाळीस मिनिटं पुरतील?"

"अर्धा तास लागतो तिला. वाटेत शेजारणींची विचारपूस करत जाते."

"या पुडीची मुदत संपलीय, मावशी. माझ्या मशीनवरची न्या. मार्चपर्यंत चालेल," यूचिंगनं मागून सांगितलं.

"मला आजची दुपार पुरे."