तोरणाखालचा गोल

हॅलो? …हॅलो, यवतमाळ? …कोन, गुलनार? अवं मी चंदाबाई! राळेगावच्या दवाखान्यातून. …हो, दवाखान्यातूनच… थांब, रडू नको! जिते हायत. दोघंही जिते हायत.

…तुये मालक जफरभाऊ आन आमचे मालक, तांड्याचे नायक, दुसरे कोन! एकाचा पाय मोडला, एकाचं कपाळ फुटलं. …नाई, नाई, मारामारी नाई. मारामारी झाली असती तं बरं होतं वं. दोघंही लय इज्जतीनं वागले, तिथंच घात झाला.

…हो, फुटबॉलच! तूच म्हायेरी जाता जाता म्हनली ना, तांडा आन मोहल्ला मॅच खेळले की यायचा अबोला सुटते? पोळ्यापासून तोंड पाहून नाई राह्यले एकमेकाचं. कायले, तं मिरवणुकीत उठून काय दिसलं, बैल का गाडी! बैल आमचे, गाडी तुमची. तवापासून बैल आमच्या दारात, गाडी तुमच्या दारात, आन कापसाच्या ढिगानं दोघींच्याही घरात झोपाले जागा नाई. असाच पडून राह्यला तं साल बुडालं आपलं!

…सांगतो ना, ऐक तं! मी बायायले म्हटलं, पाव्हने येनार, मैदान साफ करा. …अवं केलं ना! मानीबाईनं त्या दोन बांबूच्या मधात शेनानं असं गुळगुळीत सारवलं… रांगोळी काढली. वरतून आंब्याच्या पानाचं तोरन बांधलं. …हो, गोलच तो! मले काय माहीत, तिथं पळतेत म्हनून? दरवाजासारखं दिसलं, दरवाजासारखं सजवलं.

मग जफरभाऊ आले बॉल घेऊन धावत. तोरनाखाली आमचे नायक, गोल राखाले. आन वं… बाजूले सरले! हात जोडले, म्हनते, ‘या, या!’ …काहून म्हंजे? तोरन लावलेलं, मागून बायायनं पाव्हन्याचं गानं धरलेलं, आन दारात आलेल्या पाव्हन्याले आडवायचं? तांड्याचे नायक हायत ते!

झाला गोल. सुखीबाईनं धावत जाऊन जफरभाऊच्या तोंडात गूळ कोंबला.

…खूश कायले होते! गूळ खाल्ला आन म्हनते, खैरातीचा गोल मले नाई पाह्यजे. बॉल घेतला, पुरं मैदान ओलांडलं, आपल्याच गोलात मारला! …तुयी शपथ. तवा आमचे भडकले. ‘माहा पाहुनचार वापस करते?’ बॉल मारला काखेत, जफरभाऊले दंडाले धरून आनलं वढत तोरनाखाली. ‘मारा!’ ‘नाई मारत!’ ‘मारा म्हनतो ना!’ त्या वढाताणीत दोघायचे पाय सारवणावर… सर्रकन! बांबू उपटला, तोरनासकट कपाळावर. …अवं हसू नको, तुया नवऱ्याचा पाय मोडला!

…आनलं कशात? मैदानात एकच गाडी. तुमचीच वं, शील्ड द्याले आलेल्या सायबाची खुर्ची तिच्यावरच ठेवली होती ना. मी आमचे बैल जुंपले, दोघायले वर टाकलं, आन हाकली. …मीच! बाकी सारे ‘तुमी हाका’, ‘नाई, तुमी हाका’ करून राह्यले होते!

…बोलले कुठचे! एकाच बाकड्यावर बसले, पाठीले पाठ लावून.

हे पाह्य, मी बैल सोडलेच नाई. गाडीले जुंपूनच हायत. तू सकाळच्या एस्टीनं ये. दोघी मिळून कापूस भरू, मी हाकीन, तू मागं बस. जिनिंगवर टाकून येऊ. …कोनाले विचारायचं? काहून विचारायचं? …थांब. थांब जराशी.

…ऐकलं? अवं दोघंही एकदमच वरडले! ‘बाया कापूस नेतीन?’ …तेच शब्द, एकाच तोंडानं! …आता म्हनते, आमीच नेतो. आमचे म्हनते, ‘ऊठ जफर.’ नाव घेतलं वं! पोळ्यापासून पहिल्यांदा नाव घेतलं! …उठले. याले पाय नाई, त्याच्या डोळ्यावर पट्टी, गळ्यात गळा घालून चालले लंगडत… ओ कंपाउंडर, धरा ना त्यायले! …चढले. अवं पट्टीवालाच हाकून राह्यला! गेले…

…अरे देवा. गुलनार! सायेब! सायेब गाडीतच हाय वं! भेवानं खालीच नाई उतरला तो, शील्ड छातीशी धरून… अवो, थांबवा! थांबवा कोनी! …हॅलो? …हॅलो?