वळणावरचा हॉर्न

दहा जून, सकाळचे नऊ वीस. नेत्रतपासणीच्या रांगेत सात जण. गोदामातल्या फोर्कलिफ्ट चालकांना सुरक्षेचे प्रशिक्षण देणारे मास्तर शेवटी उभे होते. पुढच्या दोघा शिष्यांना ते मागे असल्याचा पत्ता नव्हता.

“परीक्षेत दोघांनाही पैकीच्या पैकी!”

“आणि थप्प्यांआडच्या वळणावर हॉर्न?”

“मास्तर बघत असले की वाजवतो ना, कानठळ्या बसेपर्यंत.”

“एरवी?”

“एरवी कोण मरायला येतंय तिथे?”

“सोमवारपासून माझी ताई येतेय. पॅकिंगला. रोज त्याच वळणावरून जाणार.”

“मग तू वाजव की, भावा.”

“मी वाजवीनच रे. तू?”

“सरक पुढे, रांग हलली.”

मास्तरांना चैन पडेना. सोमवारी ते वळणापाशी खोक्यांच्या आडोशाला उभे राहिले. दोघांच्या वीस-वीस फेऱ्या झाल्या. हॉर्न एकवीस वेळा वाजला.