सत्काराला वाकळ

माझं म्हायेर उमापूरकडचं, आन दिलं मला पाटोद्याच्या अंगाला, डोंगराकडंच्या वाडीत, जिथं नुसता दगूड आन पाणी टँकरनं येतं. नाव शेवंता. शाळा न्हाई. म्हशी संबाळल्या आन वाकळा शिवल्या, वाकळ म्हंजी तुमची गोधडी, एवढंच आलं मला जन्मात. तुमी इचारलं मन कसं थाऱ्यावर ठिवता, म्हणून सांगते, पर त्या मन-मन करणाऱ्या लोकांची मला शिसारी हाय, हे आदीच सांगून ठिवते.

मागं मोठा दुष्काळ पडला, तवा आमी चारा छावणीत व्हतो. छावणी आमच्या दूध सोसायटीनं घातलेली, आन सोसायटीचा चेरमन तिथला राजा. गडीमाणसं कामाला पांगलेली, आमी बाया जनावरासंगं तिथंच खोपी करून ऱ्हायलेल्या. माझी धाकली जाव कौसा माझ्यासंगं व्हती. तिचा मालक, म्हंजी माझा दीर, हिरीतला गाळ काढताना दरड अंगावर येऊन गेलता. तवापून कौसाची वाचाच बसली. रडंना, बोलंना, खा म्हणलं की खायची, ऊठ म्हणलं की उठायची. सासू म्हणायची बाहेरचं हाय, देवरुशाकडं न्या. अंगारे झाले, लिंबू उतरून झालं, काय गुण न्हाई. मला एकच भ्या, ही पोरगी आतल्या आत इझून जाती का काय.

मंग मी काय केलं, तर लई मोठं काय न्हाई. आमच्यात गेलेल्या माणसाचं कापड टाकत न्हाईत, वाकळीत घालतात, त्याची ऊब घरात ऱ्हाती म्हणून. दिराचं धोतर, सदरे, डोक्याचा रुमाल, समदं गाठोड्यात व्हतं, ते काढलं. सकाळी तिला तोंड धुवायला लावायचं, पाणी वाटीभर का असंना, येणी घालायची, शेणकूर करायचं. दुपारी जनावरं रवंथाला बसली की लिंबाखाली वाकळ पसरायची आन तिच्या हातात सुई द्यायची. भवतीनं बाया बसायच्या, कोन सुनेचं सांगती, कोन नवऱ्याच्या दारूचं, तोंडाचा पट्टा चालू, मधीच हसू, मधीच रडू. कौसा गप, पर टाका घालायची. रोज. पुढं पुढं मी हाक मारायच्या आदीच सुई ओवून बसाया लागली. एकदा कोनाच्या तरी बोलण्यावर ओठ हालले तिचे, हसल्यावानी. काय सांगू तुमाला, मी तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले.

तेवढ्यात चेरमनच्या डोक्यात आलं, दुष्काळानं बायांचं मन खचलंय, शिबिर घ्यायचं. मांडवाला जागा कोंची, तर आमच्याच लिंबाखालची. आमची गाठोडी उचलून उन्हात वैरणीच्या गंजीकडं. मी म्हणलं चेरमनसायब, आमी रोज हितं बसतो, मांडव तिकडं घाला की. तर म्हणतो मावशे, तुमच्याच मनासाठी चाललंय ना, कावून आडवी येतीस. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या.

शिबिराच्या दिशी शहरातून सायब आलता, गुबगुबीत, अत्तर लावलेला. म्हणतो डोळे मिटा, लांब श्वास घ्या. नाकात शेणाची धूळ, श्वास कसला घेता? म्हणतो रोज सकाळी थोडं फिरायला जात चला. पहाटंपून वैरणीचे भारे व्हाणाऱ्या बायांना म्हणतो फिरायला जा. तिकडं टँकर आलेला, आमच्या घागरी लायनीत, आन चेरमनची माणसं उठू देईनात, का तर फटू निघायचाय. किळस आली बगा, निस्ती किळस.

मंग सत्कार. नारळ आणला, शाल इसरली. चेरमनच्या माणसानं हिकडं बगितलं, तिकडं बगितलं, गंजीपाशी घडी घातलेली कौसाची वाकळ दिसली, तीच उचलली. चेरमननं घातली ना सायबाच्या खांद्यावर, भर उन्हाळ्यात, एवढी जड वाकळ! आन माइकवर म्हणतो, आमच्या भगिनींनी प्रेमानं शिवलेली भेट. समद्यांनी टाळ्या वाजवल्या.

कौसा उठली. मला वाटलं चक्कर आली हिला. ती सरळ स्टेजवर गेली, सायबाच्या म्होरं उभी ऱ्हायली आन म्हणली, काढा ती. माझ्या मालकाचं धोतर हाय तिच्यात. आन सुई हाय, टोचल तुमाला.

सायबानं गपचिप काढून दिली. चेरमनला लाज वाटायची का न्हाई? तर माइक धरून वरडतो, बगा, मुक्या बाईला वाचा फुटली, हा शिबिराचा गुण! फटूवाल्यानं फटू काढला. तो डेअरीत लटकावलाय अजून, खाली शिबिराचं नाव. मी रोज दूध घालाया जाते आन मनातल्या मनात थुकते त्याच्यावर.

त्या दिशी कौसा परत मिटली. उरलेला दिस शब्द न्हाई. मी म्हणलं गेलं समदं, मेल्यांनी पोरगी परत आत ढकलली. दुसऱ्या दिशी दुपारी मी गंजीकडं वाकळ शोधती, तर न्हाई. मांडव तसाच उभा व्हता, आन सायब जिथं खुर्चीत बसलता तिथं, ऐन स्टेजवर, कौसा वाकळ पसरून बसली व्हती. म्हणली, आक्का, येतीस का, का उन्हातच बसती?

आता लई बोलती, माझं डोस्कं उठवती. देव तिचं त्वांड असंच चालू ठिवो. ती वाकळ इरली की आमी वरून नवं कापड लावतो, धोतर आतच हाय. ही बगा. तुमचं ते लिहिणं ऱ्हाऊ द्या घडीभर, ही कड धरा, मला सुई ओवून द्या. दिसत न्हाई आता.