सावेडीतली जर्मनी

आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये काही दिवस जर्मनी होती, हे सांगितलंय का तुम्हाला?

माझा मामेभाऊ बापू सोनईचा. सुपा गावातल्या बेकरीत पक्का कारागीर. त्याला जर्मनीतल्या एका बेकरीने नोकरी दिली, तसा गावाने चौकात फ्लेक्स लावला आणि शाल-नारळ देऊन सत्कारही उरकला. वर्क परमिट तेवढं यायचं होतं! ते काही येईना. शेवटी 'निघालो' म्हणून सगळ्यांच्या पाया पडून पठ्ठ्या बॅगेसकट थेट माझ्या दारात.

"दादा, परमिट येईस्तोवर गावात तोंड दाखवायची सोय न्हाई."

दूध आणायलाही हेल्मेट घालून जायचा. पण हेल्मेटमधून भेळ काही खाता येत नाही. भेळेच्या गाडीवर नेमके गावातले तात्या भेटले.

"काय बापू, जर्मनीत भेळ मिळती व्हय?"

बापू जर्मनीत नाही, सावेडीत आहे, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

पुढे परमिट आलं आणि बापू खरंच गेला. तिथून त्याने मोठ्या हौसेने बर्फात उभं राहून गावाकडे व्हिडिओ कॉल लावला. तात्यांनी फोन हातात घेतला, डोळे बारीक करून नीट पाहिलं आणि म्हणाले,

"आरं, सावेडीत बरफ कधीपासून पडायला लागला?"