मागांवर कुणाची पाटी नाही

अण्णांच्या घरच्या मंडळींनो, कामगार बंधू-भगिनींनो,

कारखान्याच्या या अंगणात तुम्ही एवढे जमलात, आणि आत माग बंद आहेत. अशा शांततेत बोलणं जड जातं. अण्णा असते तर म्हणाले असते, "आटप की लवकर, माग थांबलेत."

अण्णा आपल्या चादर कंपनीचे अध्यक्ष. मी त्यांचा भागीदार. आता त्यांच्या खुर्चीत मला बसवलंय.

नव्या मागांसाठी बँकेनं कर्ज दिलं, तेव्हा तारण काही घेतलं नाही. करारात एक कलम घातलं. कर्ज फिटेपर्यंत कंपनीनं माग, जागा, माल, काहीच कुणाकडं गहाण ठेवायचं नाही. आम्हाला ती पायातली बेडी वाटली. अण्णा म्हणाले, "असू दे. अडचणीत माणसाचा पयला हात घरच्या भांड्यावर जातोय. तो हात कुणीतरी धरायला पायजे की."

मग सूत कडाडलं. आठवतंय ना? निम्मे माग थांबले. आपले सूत-व्यापारी चंदूशेठ समोरच बसलेत. ते म्हणाले, माग तारण द्या, त्यांच्यावर माझ्या नावाची पाटी लावा, सूत उधार देतो. संचालक मंडळ पेन उघडून बसलं! अण्णा एकटे म्हणाले, न्हाय.

खंडेनवमीला त्यांनी शेठना मागांच्या पूजेला बोलावलं. हळदीकुंकवाचं ताट हातात दिलं. "शेठ, आज तुमीच लावा. आन् बगा, तारणाची पाटी कुटं दिसती का."

शेठ सगळ्या मागांपुढून फिरले. पाटी कुठंच नव्हती.

"तुमची पाटी लावणार न्हाय," अण्णा म्हणाले. "पण दुसऱ्या कुणाचीबी लागणार न्हाय. कंपनी बुडाली तरी पैसं वसूल करायच्या रांगंत तुमच्या आदी कुणी घुसणार न्हाय. आणि काय पायजे?"

शेठ, तुम्ही हसलात. संध्याकाळी सुताच्या गाठी दारात आल्या. खरं की नाही?

आता ते कर्ज फिटलंय. कलमही संपलंय. अण्णा गेल्यापासून तुम्ही मला एकच विचारताय, आता माग गहाण पडणार का?

ऐका. कागद संपला. अण्णांचा शब्द संपलेला नाही. मी या खुर्चीत आहे तोवर मागांवर पाटी लागणार नाही. कुणाचीच नाही. शेठ, तुमचीही नाही!

अण्णांची फार आठवण येते हो. सहीसाठी कागद आला की अजून मान त्यांच्याकडं वळते.

चला, उभे राहू. थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. मग मागांची देखभाल करणारे आपले जुने जॉबर रसूलभाई आत जातील आणि माग सुरू करतील. त्या आवाजातच अण्णांना नमस्कार करू.