पेटीपाशी सोडलेली जागा

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … बिन्सी! अगं मोठ्याने बोल, विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा आवाज येतोय. … हां, आता येतोय. थांब, चुलीवरचं उतरवते. … हं, बोल मोळे, बोल लेकी. ड्युटी संपली? … जेवलीस? … नुसता दहीभात? अगं, दिवसभर वॉर्डात उभी असतेस, दहीभातावर कसं निभणार?

हो, हो… मिळाला का टिजोचा मेसेज? … अगं ऐक ना, त्याच्यावर ओरडू नकोस. इथेच बसलाय, लॅपटॉप मांडीवर घेऊन. सकाळपासून धड चहासुद्धा घेतला नाही त्याने. … नाही, फोन नाही देणार त्याला. तुम्ही भावंडं बोलायला लागलात की भांडता, आणि मग दोन्हीकडचं मला ऐकावं लागतं. जे काय ते मला विचार. मला जेवढं कळलंय तेवढं सांगते.

त्याचं असं झालं, ओणमला याने हा लॅपटॉप घेतला ना, तेव्हा चाच्चनच्या जुन्या कम्प्युटरमधलं सगळं यात घातलं. … सगळं म्हणजे सगळं. तुझ्या बापाने आयुष्यभर काढलेले फोटो. तुमची शाळा, तुझं लग्न, पुरात अंगण बुडालं ते. जुन्या अल्बमना बुरशी लागते म्हणून चाच्चन स्वतः पालाच्या स्टुडिओत नेऊन कम्प्युटरसाठी स्कॅन करून आणायचे, आठवतं ना? … तेसुद्धा. तर त्या लॅपटॉपने विचारलं म्हणे, तुमचं सामान सांभाळून ठेवू का? आणि हा म्हणाला, ठेव. झालं! ओसरी दिली, त्याने हातपाय पसरले. सगळं उचलून वर नेलं त्या क्लाउडात, आणि घरात ठेवली नुसती नावं.

हो ना, मीही तेच विचारलं! नाव दिसतं, ओळीने सगळी नावं दिसतात. बोट ठेवलं की म्हणतं, इथे नाही, वर आहे. वर जावं तर म्हणतं, दार बंद आहे. … आमचेच फोटो आणि आम्हीच दाराबाहेर. मी म्हटलंसुद्धा टिजोला, तुझे चाच्चन वर गेले आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे फोटोही गेले. … नाही गं, हसला नाही तो. मीही नाही हसले.

का बंद केलं? … त्याने लिहिलं नाही तुला? … लिहायला लाजला असेल. अगं, मयतीच्या फोटोंमुळे. … आपल्याच. कुर्याच्चनने काढलेले. … हो, शवपेटीभोवती सगळे उभे आहोत ते, शेवटचं चुंबन घेतानाचे ते, अंगणात मांडवाखाली चर्चचे पाद्री, आपले अच्चन, धूप फिरवतायत ते. आपल्याकडे काढतातच की. तुझ्या आजीचा, वल्यम्मच्चीचा नाही का आपल्या पेटाऱ्यात, काळापांढरा? त्यात मी तुला कडेवर घेऊन उभी आहे आणि तुझं डोकं धरून पेटीकडे वळवलंय कोणीतरी. परदेशातल्यांना तेवढंच तर बघायला मिळतं. … पण यंत्राला काय कळणार? त्याला दिसलं, मेलेल्या माणसाचे एवढे फोटो, जवळून, पुन्हा पुन्हा. म्हणजे काहीतरी भयंकर असणार. हिंसा, क्रूरपणा असलं काय काय लिहिलंय. … हो, क्रूरपणा! अगं, तुझा बाप नाताळला कोंबडी कापायलासुद्धा शेजारच्या मत्तायीला हाक मारायचा आणि स्वतः रबराच्या झाडांत जाऊन उभा राहायचा.

माणूस? … माणूस नाही तिथे कोणी. टिजोने लिहिलं ना, पुन्हा पुन्हा लिहिलं. चर्चमधून अच्चनची इंग्रजी चिठ्ठी आणली, ही आमची रीत आहे, यात वाईट काही नाही, अशी. ती पाठवली आणि मी चहा गाळायला आत गेले. परत येते तर उत्तर हजर. आम्ही पुन्हा काळजीपूर्वक पाहिलं, निर्णय तोच. … चहा गाळेपर्यंत कसली गं काळजी? आणि खाली लिहिलंय, आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार.

गेले होते, मी स्वतः गेले होते कुर्याच्चनच्या स्टुडिओत. रिक्षा करून. … त्याच्याकडे नाहीत. त्या कार्डावर त्याने त्यानंतर किती मयती काढल्या आणि किती लग्नं, त्यालाच माहीत. म्हणाला, अम्मच्ची, लिंक पाठवली की माझं काम संपलं, पूर्वीसारखी निगेटिव्ह कोण ठेवतो आता? … नाही, भांडले नाही. त्याची काय चूक? अल्बम आपण एक्केचाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी छापणार होतो. मी म्हणत होते, आधीच छापू. तर टिजो म्हणे, घाई काय आहे, आहेत की सुरक्षित. … नको गं, त्याला काही बोलू नकोस, त्याने स्वतःलाच पुरेसं बोलून घेतलंय.

आता महत्त्वाचं ऐक. आज सकाळी नवीन पत्र आलंय त्यांचं. … नाही, सोडलं नाही. अट घातलीय. मयतीचे तेवढे फोटो कायमचे पुसून टाकायचे. आणि खाली एक ओळ आहे, तिच्यापुढे खूण करायची. टिजोने मला दोनदा वाचून दाखवली. हे फोटो ठेवणं चुकीचं होतं हे मला मान्य आहे. … हो, अशीच. ते केलं की बाकीचे सगळे परत. नाही केलं तर आज संध्याकाळी सगळंच पुसणार. … चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. आमच्या घरातलं उचलून न्यायचं आणि वर आम्हीच माफी मागायची.

मी? … मी हो म्हटलं. दाब म्हटलं टिजोला. तर हाच म्हणाला, आधी चेचीला विचारू. म्हणून तुला मेसेज केला. … अगं, मला काय आनंद होतोय का? पण माझा विचार असा, की मयतीचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. मी तर तिथे होतेच. तूही पाहिलेस. बाकीचे मात्र…

काय?

बिन्सी, काय म्हणालीस? पुन्हा सांग. … एकही नाही पाहिलास?

अगं, तिसऱ्या दिवशी टिजोने त्या क्लाउडातूनच लिंक पाठवली होती ना तुला, जी आता बंद झालीय. तू फोन केलास, म्हणालीस, अम्मच्ची, चांगले आलेत, चाच्चन शांत दिसतात. मी किती जणींना सांगितलं, माझ्या लेकीने तिकडून पाहिले, तिला बरं वाटलं. … खोटं बोललीस? …

… नाही, रागावले नाही. … रागावले नाही म्हटलं ना. … लिंकवर बोट ठेवायचीस आणि न उघडताच काढायचीस? … रोज? … माझ्या राणी…

मला कळायला हवं होतं. परवा तुझं पार्सल आलं, त्यात टिजोसाठी शर्ट, माझ्यासाठी बदाम, आणि खाली गुडघ्याला लावायच्या बामच्या दोन बाटल्या. मी कधी लावलाय का बाम? चाच्चन लावायचे. तो बाम कोणासाठी गं होता? … बघ. मी तेव्हाही काही बोलले नाही. टिजोच्या बायकोने विचारलं तर म्हटलं, माझ्यासाठीच पाठवलाय.

थांब. टिजो… टिजो, हात काढ तिथून. काही दाबू नकोस. … नाही बिन्सी, आता नाही दाबायचं. मला माहीत असतं तर सकाळीच नाही म्हटलं असतं. तू येऊ शकली नाहीस, हॉस्पिटलने सोडलं नाही, ते फोटो काढले कोणासाठी? तुझ्यासाठीच ना? आणि तू बघायच्या आधीच मी ते पुसायला सांगू? ते चुकीचे होते अशी खूण करू? … जाऊ दे सगळं. बंद राहू दे दार. …

दिसतात का म्हणजे? … हो, त्या पत्रात छोटे छोटे चौकोन दाखवलेत, कोणते पुसायचे ते. पण त्यांनी धूसर करून ठेवलेत. पावसात काच भिजते तसे. पांढरं काहीतरी आहे आणि भोवती आपण उभे. मी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. तुझ्या बापाचा चेहरा लपवण्यासारखा आहे, हे कोणी ठरवलं गं? मी त्या चेहऱ्याकडे बघत म्हातारी झाले.

ऐकतेय. बोल. … हं. … हं. … हो, तो एकच आहे. तुझ्या हॅनाला मांडीवर घेतलेला एकच. ती पुन्हा आली तेव्हा चाच्चन अंथरुणालाच होते. … खरं आहे. तिला आजोबा आठवणार नाहीत. … आणि लग्नातला तुमचा दोघांचा, गाडीपाशी. … हो, हो. ते रबराचे शीट वाळत घालतायत तोही. … तू मला कशाला समजावतेस? मला माहीत नाही का त्यात काय काय आहे? … म्हणजे तुझं म्हणणं, हे जाऊ द्यायचे आणि ते ठेवायचे. … पण मग तू काय बघशील मोळे? …

मी? … मी कसं सांगू? मला नाही जमायचं. … फोटोसारखं कसं सांगणार फोनवर? … बिन्सी… बरं. बरं, रडवेली होऊ नकोस. सांगते. टिजो, तू जरा बाहेर जा. … नाही, बस. बस तूही.

ऐक. मयतीच्या आदल्या संध्याकाळी वासू न्हावी आला. मी बोलावलं नव्हतं. पिशवीतून आपलं सामान काढलं आणि म्हणाला, औसेप्पच्चनची दाढी शेवटची मी करणार. करताना वस्तरा लागला, हनुवटीखाली बारीकशी जखम झाली. रक्त आलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हे गेले. … हो. तोवर मलाही कळलं नव्हतं. मला वाटत होतं, झोपलेत.

पांढरा जुब्बा घातला, तू दिलेला. मीच इस्त्री केली. हातात जपमाळ गुंडाळली. बोटं सरळ होईनात, रबराच्या झाडांना चिरा पाडून वाकडी झालेली ना, तशीच राहू दिली. कपाळावरची ती आठी गेली होती. पूर्ण गेली होती गं. लग्नाच्या दिवशी पाहिलं होतं तसं कपाळ. तोंड जरा डावीकडे झुकलं होतं, अच्चनचं प्रवचन लांबलं की झोप लागायची तेव्हा व्हायचं ना, अगदी तसं. … हसतेस? हस. मलाही हसू आलं होतं तिथे. वाटलं, कोपराने ढोसावं. डावा डोळा नीट मिटला नव्हता. टिजोने दोनदा मिटला. मी म्हटलं, राहू दे, कोणाची तरी वाट बघतायत.

मग कुर्याच्चनने सगळ्यांना पेटीभोवती उभं केलं. उशाशी मी, टिजो या बाजूला. मला म्हणाला, मुलीचा एखादा फोटो द्या, मागाहून चिकटवतो. … करतात आता तसं. वर्कीच्या मुलाला चिकटवलंय, बापाच्या पेटीपाशी टाय लावून दात काढतोय. मी म्हटलं, नको. ती नव्हती तर नव्हती. पण माझ्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोड. तो म्हणे, अम्मच्ची, फोटो विचित्र दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. तुमची आत्या सरकत होती तिथे, तिला हाताने मागे केलं मी. … हो, तुझी जागा. त्या फोटोत तू होतीस, बिन्सी. फक्त दिसत नव्हतीस.

शेवटी चेहऱ्यावर कापड घालायच्या आधी मी दोनदा चुंबन घेतलं. एकदा माझं. दुसऱ्यांदा तुझं नाव कानात सांगून, तुझं. … थंड. फार थंड होतं कपाळ. साबणाचा वास येत होता. … मग घातलं कापड. झाकण लावलं. मी पाहिलं लावताना. गेले तुझे चाच्चन. … हो. गेले, मोळे.

…

रड. … रड गं, थांबवू नकोस. एवढे दिवस कुठे ठेवलं होतंस हे सगळं? … कोणी बघितलं तर बघू दे, तुझा बाप गेलाय. …

टिजो, इकडे आण ते. … कुठे खूण करायची? … ती ओळ पुन्हा वाचू नकोस मला. खूण माझ्या बोटाने कर, तुझं नको त्यात. कुठे, इथे? …

दाबलं. … हो, बिन्सी, दाबलं. … काहीतरी गोल गोल फिरतंय. … थांब. … गेले ते चौकोन. … आता उरलेले येतायत म्हणतो, सावकाश येतात. येतील. आले की टिजो बाजारातून छोटी डबी आणून त्यात भरून ठेवणार आहे, घरात, माझ्या कपाटात. …

हो, आहे मी. कुठे जाणार? … तुला उशीर होईल, तुमची बस निघेल ना तिथून? … तोंड धुऊन घे. टिजो बायकोच्या हातची कॉफी पाजेल मला, माझी काळजी नको. …

नाही गं, तू ठेव. … तूच ठेव फोन, मोळे. माझ्याने नाही ठेववत.