मामांच्या डाव्या पायाखालचं बटण

...आणि वर म्हणतात काय, तर दिसता कामा नये! अहो, रेडिओ आहे तो, बोलायचा आणि ऐकायचा, चांगला जाडजूड डबा, डब्याला वायर, वायरीला अँटेना, बोलायला माइक, ऐकायला स्पीकर, दाबायला बटण, आणि हे सगळं माणसाच्या घरच्या गाडीत बसवायचं, ज्या गाडीतून तो पोरांना शाळेत सोडतो त्याच गाडीत, आणि दिसता कामा नये! मग कुठे बसवू? माझ्या पोटात?

हे म्हणणारे कोण, तर आमचे मामा. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांची राखणदारीची एजन्सी आहे. गोदामातून निघालेला माल वाटेत कोण गायब करतं, त्यावर पाळत ठेवायची. परवाने वगैरे सगळं चोख, पण माणसं फिरणार आपापल्या घरच्या गाड्यांतून, म्हणजे कुणाला संशय नको. आणि मी कोण? मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. मामा लोकांना ओळख करून देताना सांगतात, 'हे आमचे जावई, गाड्यांचं काहीतरी करतात.' काहीतरी! लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्या कामाला एकदाही बरं म्हटलेलं नाही हो. त्यांचा पंखा दुरुस्त करून दिला तर खाली बसून वर बघत म्हणाले, 'वारा जरा गरम येतोय.' आता पंखा काय वारा तळून देतो?

म्हणून हे काम मिळालं तेव्हा मी बायकोला म्हटलं, या वेळी तुझ्या बाबांच्या तोंडून नुसतं 'छान' एवढंच काढून घेतो, मग मेलो तरी चालेल. ती म्हणाली, "मग बरंच जगाल."

पण मी पेटलोच होतो! पहिली गाडी मामांची घेतली. डबा सीटखाली सरकवला, स्पीकर डॅशबोर्डच्या आत, माइक काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेच्या शिवणीत. अँटेनाची सगळ्यात मोठी डोकेदुखी. ती पत्र्याआड लपवली की मुकी होते आणि बाहेर काढली की लांबून ओरडते, 'बघा, बघा, यांच्याकडे रेडिओ आहे!' मग मागच्या प्लास्टिकच्या बंपरच्या आतून, पत्र्यापासून अंतर राखून, अशी काही फिरवली म्हणता, अशी काही फिरवली की माझी मलाच दृष्ट लागेल असं वाटलं. राहिलं बटण. बोलताना ते दाबून धरायचं असतं. हातानं दाबलं तर हात दिसतो. मग मी ते क्लचच्या डावीकडे गालिच्याखाली बसवलं, पायानं दाबायला. मी स्वतः दाबून पाहिलं. चपलेनं पाहिलं, अनवाणी पाहिलं. फक्कड!

मग मामा आले तपासायला. हातात आरसा आणि टॉर्च. गाडीखाली घुसले, सीटखाली घुसले, डिकीत तर इतके घुसले की मला वाटलं आता झाकण लावावं की काय. शेवटी बाहेर आले, गुडघे झटकले, वायर बांधायच्या पट्टीचं नखाएवढं कापलेलं टोक माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "जावईबापू, दिसता कामा नये." झालं! एवढ्या कामातून त्यांना कचरा दिसला.

आता रेडिओची एक गंमत ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. यात एक जण बटण दाबून बोलतो तेव्हा बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं, मध्ये कुणाला बोलताच येत नाही. आणि जो बोलतो त्याला दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही. म्हणजे यंत्र अगदी आमच्या मामांसाठीच बनवलंय!

सगळ्या गाड्या तयार झाल्या आणि चाचणीचा दिवस उजाडला. माणसं शहरभर पांगली. मामांनी शेजारी आमच्या सासूबाईंना बसवलं, कारण नवरा-बायको गाडीत भांडत चालले असले की कुणी वळूनसुद्धा बघत नाही. मी वर्कशॉपमध्ये बाकड्यावर सेट लावून बसलो, शेजारी बायको. रेडिओ गप्प. आणि एकदम मामांचा आवाज, 'अगं, तो उंचाडा बघितलास? पाळतीवर ठेवला तर गाडीत घोरतो.' मी म्हटलं, हे काय? पाठोपाठ सासूबाई, 'आणि तुमचा तो दाढीवाला? त्याचं लक्ष सगळं खाण्यात.' अहो, उंचाडा ऐकतोय, दाढीवाला ऐकतोय, सगळी एजन्सी कान देऊन ऐकतेय!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मामा तपासणीला आले होते सपातांत, आणि आज निघाले होते कामावरचे बूट घालून. ते बूट म्हणजे एकेक होडी! आणि सवय अशी की गाडी चालवताना डावा पाय जमिनीत रोवून ठेवायचा. गियर बदलला की पाय उठायचा, बदलून झाला की पुन्हा बरोबर बटणावर! आता फोन करावा, तर मामांचाच नियम, कामावर फोन बंद. मी उठलो, धावत जाऊन पाय काढायला लावतो म्हटलं, आणि तेवढ्यात रेडिओतून सासूबाई म्हणाल्या, 'आणि आपले जावई?'

बायकोनं माझा शर्ट धरला. "थांबा ना, ऐकू तरी."

मी थांबलो. तुम्ही थांबला नसतात?

 मामा म्हणाले, "आरसा घालून शोधलं गं मी. काही म्हणजे काही सापडलं नाही मला. इतकं सफाईचं काम मी आजवर पाहिलं नाही. पोरीनं माणूस हिऱ्यासारखा निवडला. पण त्याला सांगू नकोस, लगेच हवेत जाईल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. खोटं कशाला सांगू, आलंच. बायकोनं पदर तोंडाला लावला. आणि मग माझ्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचं कौतुक झालं, आणि ते मला ऐकू येतंय, म्हणजेच काम बिघडलंय!

पळालो! हाताला लागली ती गिऱ्हाइकाची गाडी काढली. ती आली होती हॉर्न दुरुस्तीला, म्हणजे हॉर्न नाही. चाचणीचा मामांचा रस्ता ठाऊक होताच. गोल चौकात मामा दिसले, मी मागून दिव्यांची उघडझाप करतोय, हात हलवतोय... आणि मामांना वाटलं, पाळत! आयुष्यभर दुसऱ्यांचा पाठलाग केलेला माणूस तो, सुटलाच की! या गल्लीतून त्या गल्लीत, पेट्रोल पंपाच्या आतून बाहेर, आणि बायको माझ्या शेजारी ओरडतेय, बाबांना काही झालं तर बघा हं. शेवटी एका बंद गल्लीत मामांनी गाडी आडवी घातली आणि मलाच पकडलं.

उतरले. पाय उठला बटणावरून. मी धापा टाकत एवढंच म्हटलं की बटण दाबलेलं राहतंय. मामांचा चेहरा असा पांढरा पडला म्हणता! गाडीत वाकून रेडिओवर विचारलं, "कुणी काही ऐकलं का?" उंचाडा म्हणाला, नाही साहेब. दाढीवाला म्हणाला, नुसती खरखर होती साहेब. एकेक करून सगळे म्हणाले, खरखर. नोकरी कुणाला नको आहे? मग मामा माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही?"

सांगा, काय म्हणणार होतो मी? मागे सासूबाई हात जोडून उभ्या. बायको डोळ्यांनी दटावतेय. म्हटलं, "खरखरच होती, मामा."

मामांचा जीव भांड्यात पडला. छाती पुढे काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे काम कच्चंच झालंय की."

त्याच दिवशी बटण हलवलं. आता बूट घाला नाहीतर अख्खी होडी घाला, चुकून दाबलं जायचं नाही. मामा रोज त्याच गाडीतून फिरतात, सासूबाई शेजारी असतात, माझा विषय निघतच असणार. पण आता काम इतकं पक्कं झालंय ना, की माझं कौतुक झालं तरी मला ऐकू यायचं नाही!